अक्का, चौकट तशीच राहिली

अक्का, आज तुझा कॉम्प्युटर चालू केला. परवा तेरावं झालं, काल शेवटचे पाहुणे धुळ्याच्या एसटीत बसले, आणि आज सकाळी घरात इतकी शांतता होती की मला रागच आला. तुला माहीत आहे, मला रडू यायच्या आधी राग येतो. मग समोरच्या खोलीत आले, कूलरमध्ये पाणी ओतलं, त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे फिरवलं आणि बटण दाबलं. कूलर आधी कॉम्प्युटरला, उरला तर माणसांना, हा तुझा नियम. जळगावच्या मे महिन्यात या नियमापायी मी तुला काय काय बोलले असेन ते आपल्या दोघींनाच माहीत. आज तू नाहीस तरी मी कूलर तिकडेच फिरवला. सवय झाली ना मेली.

भेटायला आलेले सगळे एकच म्हणत होते, नणंद-भावजय असून अगदी सख्ख्या बहिणींसारख्या राहिल्या. मी मान हलवत होते आणि मनात म्हणत होते, कुठल्या बहिणी एवढ्या भांडतात? त्यांना काय माहीत, ‘थ्रीडी व्ह्यू करून मिळेल’ या आपल्या पाटीमागे दिवसभर काय चालायचं. तू धुळ्याला एका इंजिनिअरकडे ट्रेसिंग पेपरवर नकाशे काढत म्हातारी होत आलेली आणि मग जळगावला परतलेली, मी पाचोऱ्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून लग्न होऊन आलेली. तुला भिंती कळायच्या, मला उजेड. आणि दोघींनाही वाटायचं की दुसरीला काहीच कळत नाही.

सुरुवातीला मी तुला ‘अहो अक्का, तुम्ही’ म्हणायचे. ते कुठल्या दिवशी सुटलं ते मला लख्ख आठवतं. एका बंगल्याच्या फाटकासमोर मी झाडं लावली होती, आणि सॉफ्टवेअरबरोबर जी तयार माणसं मिळतात त्यातला एक कोटवाला गोरा माणूस कुत्र्याला फिरवताना उभा केला होता. तू मागून आलीस, चष्मा वर केलास आणि तुझ्या अहिराणीत म्हणालीस, “हाऊ कोन शे वं? चोपड्याना पाहुना शे का?” मी इतकी हसले की ‘तू पण ना अक्का!’ असं तोंडातून निघून गेलं. तू चष्मा खाली घेऊन निघून गेलीस. संध्याकाळी तुझ्या भावाला मात्र सांगितलंस, “तुझ्या बायकोनं मला आज माणसात घेतलं.”

आपलं खरं भांडण मात्र त्या चौकटीचं. बाहेरच्या कोणाला सांगितलं तर हसतील. एवढ्याशा गोष्टीवरून दोन बायका वर्षानुवर्षं कशा भांडू शकतात म्हणतील. पण तू ऐकते आहेस असं धरून पुन्हा एकदा सगळं मांडते, कारण या भांडणात शेवटचा शब्द माझा व्हायचा राहिलाय.

घराचं चित्र तयार होताना पडद्यावर आधी सगळं दाणेदार दिसतं, रव्यासारखं. मग हळूहळू ते निवळत जातं. भिंत बदलली, खिडकी सरकवली की पुन्हा रवा, पुन्हा निवळायला सुरुवात. आपला कॉम्प्युटर म्हणजे तसा जुना गडी, सगळं चित्र निवळायला त्याला फार वेळ लागायचा. म्हणून मग माउसने चित्रात एक छोटी चौकट आखायची. चौकट आखली की तो सगळी ताकद तेवढ्याच तुकड्यात लावतो. तेवढं बघता बघता काचेसारखं स्वच्छ होतं आणि बाकीचं घर तसंच रवाळ राहतं.

प्रश्न एवढाच की चौकट कुठं आखायची. मी म्हणायचे, गिऱ्हाइकाचा डोळा जातो तिथं. फाटक, समोरचे खांब, हॉलच्या छतातले लाईट. लोक त्याला भुलतात, लोकांना शेजाऱ्यांना दाखवायचं असतं. आणि तू माझ्या हातातून माउस ओढून घेऊन म्हणायचीस, “जठे मानूस उभा राही, तठे चौकट टाक. बाकीनं घर पळी जाई का?”

माणूस उभा राहणार तिथं! म्हणजे कुठं, तर मोरीच्या दारात. गॅसपाशी. देवघरापुढं, जिथं वाकून दिवा लावायचा. धुणं वाळत घालायच्या दोरीखाली. मी कपाळावर हात मारून घ्यायचे. अगं, लोक बंगल्याचं चित्र बघायला आलेत, त्यांना तू धुण्याची दोरी दाखवतेस?

पण यावलकडचे ते नाना आले होते तेव्हा मी तोंड मिटून बसले, हे कबूल. केळीचे मोठे बागायतदार, बरोबर दोन मुलं, आणि मागं खुर्ची ओढून बसलेल्या त्यांच्या मंडळी. नाना आणि मुलं खांबांवर अडून बसलेली. खांब गोल की चौकोनी, वर कमळ की नुसतीच पट्टी. माउली एक शब्द बोलल्या नव्हत्या. चहाचा कपसुद्धा त्यांनी हातात तसाच धरून ठेवला होता. तू मधेच माउस घेतलास आणि स्वयंपाकघरातल्या भांडी घासायच्या जागेवर चौकट आखलीस. खिडकीतून सकाळचं ऊन नळावर पडलेलं निवळत निवळत वर आलं. तशी ती बाई खुर्चीतून उठली, पडद्याजवळ आली आणि म्हणाली, “इथं दिवसा लाईट नाही लावावी लागणार?” तू म्हणालीस, “नाही लागणार.” मग ती बोलायलाच लागली. खिडकी थोडी रुंद करा, समोर गोठा दिसला पाहिजे, म्हैस व्यायला झाली की लक्ष राहतं. नाना बघतच राहिले. जाताना ती तुझे हात धरून काय बोलली ते तू मला कधी सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू वर्षभर मिरवली असतीस.

आणि त्याच नानांच्या कामात तू ती घोडचूक केलीस. देवानं न्याय केला म्हणायचा! चित्र पूर्ण तयार करायला लावताना चौकट आधी उठवायची असते. उठवायची राहिली की कॉम्प्युटर इमानदारीत तेवढाच तुकडा तयार करतो आणि बाकी सगळं काळं कुळकुळीत. तू चौकट विसरलीस, वर न बघताच चित्र नानांच्या मोबाईलवर पाठवून दिलंस आणि मेहरूणच्या बाजारात वांगी घ्यायला निघून गेलीस. नानांचा फोन मी घेतला. माणूस अगदी घाबरलेला. “ताई, ते अक्कांनी पाठवलं त्यात नळ दिसतो फक्त. बंगला कुठं गेला?”

तेव्हापासून आपल्या घरात काहीही हरवलं, किल्ली म्हणा, चष्मा म्हणा, की मी ओरडायचे, “अक्का, बंगला कुठं गेला?” आणि तू भरताची वांगी भाजता भाजता म्हणायचीस, “आते उगी बस.”

आता माझ्या पायाखालच्या पाटाबद्दल बोलते. हे मी एवढ्या वर्षांत हसण्यावारीच नेलं, पण आज बोलायचंच आहे.

जळगावचं हे घर तू काढलेल्या नकाशावर बांधलेलं. मी या घरात यायच्या आधी. तेव्हा स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या दोघी, सासूबाई आणि तू. दोघी ताडमाड. तुमचं घराणंच उंच, तुझा भाऊ दारातून वाकून येतो. साहजिकच ओटा तुमच्या मापाचा झाला. मग मी आले, पाचोऱ्याची बुटकी. पहिल्या दिवशी पोळ्या लाटायला उभी राहिले तर हात खांद्यातून वर उचलावे लागले. सासूबाईंनी जेवणाचा एक पाट आणून पायाखाली सरकवला. तो पाट तेव्हापासून तिथंच आहे. त्याचं मधलं लाकूड माझ्या टाचांनी गुळगुळीत झालंय. सासूबाई गेल्या, तरी पाट राहिला. सणावारी खापरावर पुरणपोळ्या करायच्या असल्या की मी मागच्या अंगणात चुलीपुढं खाली बसायचे, आणि तू म्हणायचीस, “आज पाटावरून खाली उतरली का आमची राणी?” सगळे हसायचे. मीही हसायचे. कंबर मात्र माझी दुखायची, तुझी नाही.

ओटा आपल्याकडून उंच झाला, असं तू एकदाही म्हणाली नाहीस. दुसऱ्यांच्या घरी मात्र बाईला बोलावून भिंतीपाशी उभी करायचीस, कोपर वाकवायला लावायचीस, कोपराच्या चार बोटं खाली खूण करायचीस आणि मग ओट्याची उंची ठरवायचीस. अख्ख्या खानदेशातल्या बायकांची कोपरं मोजलीस तू. मी बघायचे आणि पाटावर चढून पोळ्या लाटायचे.

मग तू धुळ्याचं काढलंस. घरी जेवताना शांतपणे सांगितलंस, प्लॉट घेतलाय, छोटं घर बांधणार, काम थांबवलं की तिकडं जाऊन राहणार. तुझ्या भावाचा घास हातात राहिला. मी तर ताटावरून उठलेच. काय कमी केलं आम्ही तुला? आजारपण काढलं नाही, की औषध विचारलं नाही, की तुझ्या शब्दाबाहेर गेलो? दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तू मला माउस देऊन म्हणालीस, “चल, उजेड कर. तुझ्याशिवाय कोण करणार?” आणि मी बावळट, बसले करायला! ज्या घरात तू आम्हाला सोडून जाणार, त्या घरात सकाळचं ऊन मी पाडून दिलं.

त्या घराचं चित्र काही पूर्ण होईना. तू कायम कुठंतरी चौकट आखून बसलेली. आज जिना, उद्या न्हाणीचं दार. साइटवर जोतं झालं, भिंती खिडकीच्या तळापर्यंत आल्या, साहेबराव मिस्त्री फोन करून करून थकले, तरी तुझं स्वयंपाकघर रवाळच. आणि त्यातला तो ओटा! सरळ जातो जातो आणि खिडकीपाशी एकदम खाली उतरतो. पायरी पडल्यासारखा. मी कितीदा म्हटलं, अक्का, रेष तुटते. डोळ्याला खुपतं. चुकून झालं असेल तर मी सरळ करते. तू माझा हात बाजूला केलास. “राहू दे वं, तुले काय करनं शे? मनं घर शे ते.”

‘मनं घर.’ माझं, आपलं नव्हे. तो शब्द मला फार लागला होता. सांगितलं नाही तुला. आज सांगते.

त्यानंतर एका सकाळी मी कणीक मळत होते आणि तू स्वयंपाकघरात येऊन म्हणालीस, “उतर बरं खाली. कोपर वाकव.” मला वाटलं, झालं, आता माझ्या उंचीवरून सुरू होणार. मी खाली उतरले, पण कणकेचा हात तुझ्या गालाला पुसला. तू ओरडलीस, मी पळाले, आणि तुझा भाऊ पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, “लहान आहात का तुम्ही दोघी?” ती सकाळ मला पुन्हा हवी आहे अक्का. बाकी काही नको. तेवढी दे.

दहाव्याच्या दिवशी साहेबराव भाऊ आले होते. दारात उभं राहून बराच वेळ डोळे पुसत होते, मग हळूच म्हणाले, “वहिनी, किचनचं काय करू? काम थांबलंय.” तुझा भाऊ म्हणाला, “आता एवढं मोठं किचन कोणासाठी? छोटं करा. दोन बिऱ्हाडं बसतील असं बघा, भाड्यानं देऊन टाकू.” त्याच्यावर रागावू नकोस. त्याला तुझ्या घराकडे बघवत नाही. धुळ्याचं नाव काढलं की उठून बाहेर जातो. मीही हो म्हटलं. नवीन नकाशा मी करून देते म्हटलं. तू नसताना तुझं स्वयंपाकघर ठेवून तरी काय करायचं होतं?

म्हणून आज बसले. तुझ्या भिंती पुसायच्या आधी ठरवलं, एकदा तरी तुझं स्वयंपाकघर पूर्ण करून बघायचं. कुठं चौकट नाही, कुठं रवा नाही, अख्खं. तुझा एक धड फोटो नाही घरात. हाराखाली लावलाय तो आधार कार्डावरचा मोठा करून घेतलाय, त्यात तू माझ्यावर चिडल्यासारखी दिसतेस. निदान हे चित्र तरी ठेवू म्हटलं. फाईल उघडली, काही न तपासता पूर्ण चित्र लावलं आणि चहा करायला गेले.

चहा घेऊन आले तर तुझा भाऊ पडद्यासमोर उभा. म्हणाला, “हे काय गं? एवढाच तुकडा? बाकी सगळं काळं.”

मी बघितलं आणि अक्का, तू गेल्यापासून पहिल्यांदा हसले. मोठ्यानं हसले. चौकट तशीच राहिली होती तुझी! तू आखलेली, तू उठवायची विसरलेली, आणि मी न बघता चित्र लावलेलं. “अक्का, बंगला कुठं गेला?” मी ओरडले. तोही हसायला लागला, आणि मग हसता हसता खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडला. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले आणि पडद्याकडे बघत राहिले.

त्या काळ्या पडद्यात एकच जागा दिसत होती. ओट्याची ती खाली उतरलेली बाजू. एवढ्या महिन्यांत मी ती रव्यातच बघितली होती, तुटकी रेष म्हणून. आता ती स्वच्छ होती. वरून खिडकीचं ऊन आलेलं, मी पाडलेलं. बाजूला पोळपाट ठेवायला दगडात कोपरा कापलेला. डाव्या बाजूला, कारण मी डावरी आहे.

जिथं माणूस उभा राहणार तिथं चौकट टाक. तू तिथं उभी राहूच शकत नव्हतीस अक्का, तुझ्या पाठीचा कणा मोडला असता. तुझा ओटा शेजारी, उंच, त्या काळ्यात.

मी तुझ्या भावाला म्हटलं, टेप आण. आपल्या स्वयंपाकघरात जाऊन पाटावरून खाली उतरले, कोपर वाकवलं. त्यानं जमिनीपासून कोपराखाली चार बोटांपर्यंत मोजलं. मग बाहेर येऊन फाईलमधलं माप बघितलं. तेच होतं. त्या सकाळी कणकेचा गाल पुसत तू डोळ्यांनी मोजून गेली होतीस.

अशी कशी गं तू? एवढी वर्षं ‘चुकलं’ हा एक शब्द तुझ्या तोंडातून निघाला नाही, आणि काढलास काय तर सबंध ओटा बांधायला! मी विचारत होते, आम्हाला सोडून का जातेस, आणि तू तिकडं माझ्या मापाची जागा करून ठेवत होतीस. सांगायचं होतंस ना तोंडानं. मी ताटावरून उठले नसते. दोन दिवस अबोला धरला नसता. आता हे कळल्यावर मी कोणाशी भांडू?

साहेबराव भाऊंना लगेच फोन लावला. म्हटलं, भाऊ, किचन छोटं करायचं नाही. अक्कानं काढलंय तसंच्या तसं बांधा. ते म्हणाले, “ती खिडकीपाशी पायरी पडते ती?” मी म्हटलं, तीपण. तुझ्या भावानं शेजारून मान हलवली. सुट्टीच्या दिवशी तिकडं जाऊन राहत जाऊ म्हणतो. भाडेकरू नकोतच म्हणतो.

रेष मात्र तुटते अक्का. मी अजूनही तेच म्हणते. चित्र म्हणून बघितलं तर डोळ्याला खुपतंच, आणि तू समोर असतीस तर आत्ता या क्षणी माउस ओढत आपण यावरून भांडत असतो. पण मी ती सरळ करणार नाही, आणि चौकटही उठवणार नाही. फाईल तशीच बंद केली.

चहा गार झाला होता, पुन्हा टाकला. पाटावर उभी राहून टाकला. इथं तो लागतोच. पण घराची वास्तुशांत झाली की तुझ्या स्वयंपाकघरात पहिली पोळी मी लाटणार आहे, आणि धुळ्याला जाताना पाट नेणार नाही.